मधला खांब

माजी अध्यक्षांना खुर्चीतून उठून माइकपर्यंत पोचायलाच पाऊण मिनिट लागलं, आणि कारकूनबाईंनी ते त्यांच्या तीन मिनिटांत धरलं.

नगर मंडळाच्या सभेत अर्जदाराने काय ते तीन मिनिटांत बोलायचं, आणि तेही स्वतःच, असा नियम आहे. वेळ मोजायची, घंटी वाजवायची आणि जे बोललं जाईल ते इतिवृत्ताच्या वहीत उतरवायचं, ही तिन्ही कामं कारकूनबाईंची. त्यांच्यासमोर टेबलावर एक जुनं, पट्टा तुटलेलं मनगटी घड्याळ असायचं. भिंतीवर मंडळाचं चांगलं मोठं घड्याळ होतं, पण त्याच्याकडे त्या ढुंकूनही बघत नसत.

"बोला, साहेब," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांचं औषधांचं दुकान होतं, आजारी माणसाशी कसं बोलावं ते त्यांना कळत होतं. "सावकाश बोला. काही घाई नाही."

घाई होती. कारकूनबाईंची नजर सेकंदकाट्यावर होती.

गेल्या वर्षी साहेबांचं उजवं अंग लुळं पडलं आणि जीभही जड झाली. एके काळी याच सभागृहात त्यांना माइक लागत नसे.

"ग... गल्लीच्या... तोंडाशी..."

गाड्या अडवायला मंडळ त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी तीन लोखंडी खांब रोवणार होतं. आठवड्यातून दोनदा दवाखान्याची गाडी त्यांना न्यायला दारापर्यंत येई, ती आता येऊ शकणार नव्हती. मधला खांब हवा तेव्हा काढता येईल असा बसवा, एवढंच त्यांचं मागणं. कारकूनबाईंना ते पक्कं ठाऊक होतं. सकाळीच साहेबांच्या बायकोने खिडकीवर येऊन विचारलं होतं, "अगं, अर्जात यांनी नुसतं 'खांबांबाबत' एवढंच लिहिलंय. खाली एक ओळ वाढवून देऊ का?"

"कशाला, काकू? तिथे बोलायला मिळणारच आहे की त्यांना," कारकूनबाई म्हणाल्या होत्या. अगदी गोड आवाजात.

"ख... खांब... त... तीन..."

सदस्यांनी आपापल्या कागदांत तोंड घातलं. मागच्या रांगेतून काकू उठल्या. "मी सांगते ना. यांचं म्हणणं एवढंच आहे की..."

"अर्जदारानेच बोलायचं, काकू. नियम आहे."

"अहो, राहू द्या नियम," बेकरीवाले सदस्य वैतागले. "कोणी केलाय असला नियम?"

कारकूनबाई याच प्रश्नाची वाट बघत होत्या. "साहेबांनीच," त्या म्हणाल्या. "चौदा वर्षांपूर्वी. त्यांच्याच सहीचा ठराव आहे. काढून दाखवू?"

बेकरीवाल्यांनी पुन्हा कागदांत तोंड घातलं. साहेबांनी मान वळवून कारकूनबाईंकडे पाहिलं, मग टेबलावरच्या घड्याळाकडे.

त्या नियमाचा पहिला दणका एका घड्याळजीला बसला होता. बाजारातली टपरी हलवू नका, एवढं सांगायला तो आला होता, पण त्याला बोलताना अडखळायची सवय. "काय रे, लोकांची घड्याळं चालू करतोस आणि स्वतःच बंद पडलास?" असं साहेब म्हणाले, आणि सगळं सभागृह खो खो हसलं. दाराशी उभी असलेली त्याची लेक तेवढी हसली नाही. पुढे तीच लेक परीक्षा देऊन या मंडळात कारकून झाली. पहिल्याच आठवड्यात तिने कपाटातून त्या सभेची वही शोधून काढली. बापाच्या नावापुढे एकच ओळ होती, साहेबांनी सांगून लिहवलेली.

"म... मध... मधला..." साहेबांनी सगळा जीव जिभेवर आणला. कपाळावरची शीर फुगली. "मधला..."

आणखी दोन शब्द निघाले असते तर काम झालं असतं. ते दोन शब्द कारकूनबाईंच्या तोंडात तयार होते. त्यांनी ओठ मिटून घेतले. काटा बारावर आला आणि घंटी वाजली.

अध्यक्षबाई चुळबुळल्या. पण अजून अकरा अर्ज बाकी होते, बाहेरच्या बाकावर माणसं ताटकळली होती, आणि एकाला सूट दिली की सगळ्यांनाच द्यावी लागते. "बसा, साहेब," त्या म्हणाल्या. हात वर झाले, बेकरीवाल्यांचा जरा उशिराने. तिन्ही खांब मंजूर झाले.

वहीत अर्जदाराची सही लागते. एरवी त्यासाठी माणसांना टेबलापाशी बोलावलं जाई. आज कारकूनबाई स्वतः उठल्या आणि वही साहेबांच्या खुर्चीपर्यंत घेऊन गेल्या. शाई अजून ओली होती.

"अर्जदाराला विशेष काही सांगायचे नव्हते."

शब्दाला शब्द तीच ओळ होती. साहेबांनी ती वाचली. पुन्हा वाचली.

"घड्याळजी," ते म्हणाले. हा एक शब्द मात्र त्यांना सबंध म्हणता आला.

"हो. त्यांचीच लेक मी."

खोटं कशाला सांगा, चौदा वर्षांत पहिल्यांदा कारकूनबाईंच्या काळजाला गारवा मिळाला. काकू मागे रडत होत्या. तिकडे त्यांनी पाहिलं नाही.

साहेबांनी डाव्या हातात पेन धरलं आणि एकेक अक्षर ओढायला सुरुवात केली. सहीला वेळेची मर्यादा नाही. कारकूनबाई शेजारी उभ्या राहून घड्याळाला चावी देत होत्या.