कुणाला तरी ठाऊक असतं

यशोधनने ऑनलाइन सट्ट्यासाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमला एकच नियम शिकवला होता. काही कारण नसताना भाव फिरला, तर निकाल कुणाला तरी आधीच ठाऊक असतो. कोण ते विचारायचं नाही, गुपचूप त्याच्यामागे पैसे लावायचे. जगभरचे सामने चाळणारा तो प्रोग्रॅम सहसा चुकत नसे.

आज त्याला सिंगापूरमधल्या चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्ये चालू ठेवून यशोधन आणि अनघा लेकीचा टेनिसचा सामना बघायला आले होते. "टुडे डोन्ट कम लाह, बाबा," उल्का सकाळी म्हणाली होती. घाबरलीय बिचारी, असं वाटून तो मुद्दाम आला. आणि पोरगी तर पहिला सेट सहज जिंकून बसली होती!

खिशात फोन थरथरला.

*उल्का हरणार. पैसे लावले.*

"कुणाचा मेसेज रे?" अनघाने विचारलं.

"प्रोग्रॅमचा. गंडलाय आज," तो हसला.

सर्व्हिसआधी उल्काने वर पाहिलं. बापाशी नजर भिडताच तिने मान खाली घातली. पहिली सर्व्हिस जाळ्यात गेली. दुसरीही गेली.

"दमली वाटतं," अनघा म्हणाली.

फोन पुन्हा थरथरला.

*रक्कम दुप्पट केली.*