कुलूपबाई

"तीनदा फोन आपटलात तुम्ही, तीनदा!" साहेबांनी तक्रारीचा कागद पुढे सरकवला. "माणूस म्हणतो, बाईंनी माझं धड ऐकूनसुद्धा घेतलं नाही. आज बारा वाजता तो स्वतः येतोय. त्याचं समाधान झालं नाही, तर तुमची बदली ठरलेली. मग मला सांगू नका."

शस्त्रपरवाना कचेरीतल्या कारकूनबाईंनी कागद वाचून परत टेबलावर ठेवला. बदली म्हणजे दुसरं गाव, आणि घरी आई अंथरुणाला खिळलेली. तिला घेऊन जाणार कुठे आणि ठेवणार कोणाकडे? पण काही केल्या आपली चूक झाली असं त्यांना वाटेना.

"साहेब, त्यानं जुन्या बंदुकांच्या एका संग्राहकाचा परवाना क्रमांक सांगितला आणि सध्याचा पत्ता विचारला. फोनवर! ऐकून काय घ्यायचं त्यात? स्वतःचं नाव तरी सांगितलंय का त्यानं?"

"नाही. म्हणतो, आता तुमच्या फोनवर भरवसा नाही, समोर येऊन ओळख देतो."

"बघा!"

बाईंचंही खोटं नव्हतं. वर्षापूर्वी याच कचेरीतून बंदुका जमवणाऱ्यांची यादी फुटली होती, पत्ते आणि फोटोंसकट. पंधरा दिवसांत दोघांची घरं फुटली. तेव्हा साहेबांच्या हात धुऊन मागे लागून बाईंनीच नोंदींतले फोटो काढून टाकायला लावले आणि पत्त्यांच्या कपाटाची किल्ली स्वतःकडे घेतली. बाकीचे त्यांना कुलूपबाई म्हणू लागले. बाई वरवर रागवायच्या, पण मनातून त्यांना ते नाव आवडायचं.

फोन आला त्या दिवशीच त्यांनी त्या संग्राहकाला कळवून सावध केलं होतं. अकरा जुन्या बंदुकांचे धनी, सत्तरीतले, एकटेच राहणारे. चार महिन्यांपूर्वी पत्ता बदलून घ्यायला आले, तेव्हापासून बाई त्यांना काकाच म्हणत.

अकराच्या सुमाराला काका कचेरीत हजर झाले. बदलीचं कानावर पडताच तडक साहेबांच्या खोलीत शिरले.

"साहेब, या बाईंनी तोंड उघडलं असतं ना, तर आज मी तुमच्यासमोर असा उभा नसतो. आणि तुम्ही यांनाच धारेवर धरता? अहो, सत्कार करा यांचा!"

तिथेच बसून त्यांनी आभाराचं पत्र लिहिलं, चांगलं दोन पानी. लिहिताना म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

साहेब विरघळले. "असं पत्र फायलीत असल्यावर त्या तक्रारीत काही दम नाही, बाई. जा, कामाला लागा."

बाईंचा जीव भांड्यात पडला. सव्वीस वर्षांच्या नोकरीत कुणी साधं 'बरं केलंत' म्हटलं नव्हतं, आणि हा परका माणूस त्यांच्यासाठी साहेबांशी भांडला होता. त्यांना भरून आलं.

"आता इथे राहायची भीतीच वाटते हो," काका म्हणाले. "संग्रह घेऊन भावाकडे जावं म्हणतो."

बंदुका गावाबाहेर नेण्याच्या परवानगीला एरवी आठवडा लागतो. बाईंनी परवान्याचं पुस्तक बघितलं, अकराही क्रमांक ताडून पाहिले, साहेबांची सही घेतली आणि अर्ध्या तासात शिक्का मारून दिला. काकांसाठी एवढं तरी करायलाच हवं होतं.

"पोरी, तुझे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत," काका हात जोडून म्हणाले आणि निघाले.

बाराला पाच कमी असताना तक्रारदार आला. काठी टेकत, धापा टाकत. बाईंनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. आज त्यांना कुणाचाच राग येत नव्हता.

"आजोबा, परवानेवाल्यांचे पत्ते आम्ही कुणालाच सांगत नाही. त्यांच्या जिवाचा प्रश्न असतो. मनाला लावून घेऊ नका."

"छे, छे! नियम चांगलाच आहे," म्हाताऱ्यानं ओळखपत्र काढून त्यांच्यासमोर ठेवलं. "सहा महिने लेकीकडे होतो. परत आलो तर कपाट फोडलेलं. अकरा बंदुका आणि परवान्याचं पुस्तक गायब. आणि दाराशी तुमच्या कचेरीचं पत्र पडलेलं, माझा पत्ता बदलल्याचं. म्हणून फोन करत होतो, बाई. मी सध्या राहतो कुठे?"