डाव्या बरगडीखाली

शिंप्याच्या स्वादुपिंडात गाठ निघाली, तेव्हा सर्जनबाईंनी अर्धं स्वादुपिंड काढलं आणि त्याला चिकटलेली प्लीहाही काढली. शिंपी वाचला. हळूहळू तो पुन्हा मशीनवर बसून गुणगुणू लागला आणि त्याच्या बायकोच्या जिवात जीव आला.

वर्षाच्या तपासणीला दोघं हसतखेळतच गेली. सोनोग्राफीचे डॉक्टर शिंप्याच्या डाव्या बरगडीखाली प्रोब फिरवता फिरवता थांबले.

"प्लीहा काढलीय म्हणता?"

"काढलेली मी डोळ्यांनी पाहिलीय. बाईंनी ट्रेमध्ये आणून दाखवली होती," बायको म्हणाली.

"इथे तर ती अख्खी दिसतेय. स्वादुपिंडही पूर्ण आहे."

शिंपी पोटावरच्या लांबलचक व्रणावर बोट ठेवून हसला. "मग ही शिवण कुणाची? मी तर नाही घातली."

डॉक्टरांनाही हसू आलं. "मशीनच बिघडलं असेल. काकू, तुम्ही जरा झोपता का? तुमच्यावर लावून बघतो."

शिंपी उठला आणि बायको आडवी झाली. पोटाला गार जेल लागलं तशी तिला गुदगुली झाली. किती दिवसांनी आपण असं मोकळं हसतोय, असं तिच्या मनात आलं.

डॉक्टरांनी प्रोब एकदा फिरवला, पुन्हा फिरवला. मग त्यांनी खोलीतला दिवा लावला आणि तिचं पोट नीट न्याहाळलं. तिथे साधा ओरखडाही नव्हता.

"काकू," ते हळूच म्हणाले, "तुमची प्लीहा कधी काढली?"