प्रेक्षक एक

“गो ऋजू, निकेश फोनवर हसतो, पण माझा डबा तसाच परत येतो. एकदा येऊन बघ त्याला.”

निकेशच्या शेजारच्या मैनामावशींचा पेणहून फोन आला, तेव्हा ऋजुता रोह्यात आपल्या लेकीला, सावनीला, भात भरवत होती. “मावशी, गेम खेळणारी मुलं अशीच असतात. भूक लागली की खाईल,” ती म्हणाली. “तू शिकलेली हायस बाय, तुला जास्त समजतं,” म्हणून मावशींनी फोन ठेवला. रोहा ते पेण तासाभराचा रस्ता. ऋजुता गेली नाही. नवव्या दिवशी तिचा एकुलता एक भाऊ निकेश गेला. कसा, ते घरात कोणी मोठ्याने बोलत नाही.

आता ती पेणला त्याच्याच खोलीत फरशीवर बसली होती. संध्याकाळचे सहा वाजून वीस मिनिटं. सातच्या आत निकेशचं चॅनल लाईव्ह करायचं होतं.

दुपारी तिने त्याचा लॅपटॉप उघडला होता. रोज सातला तो गेम खेळत लाईव्ह यायचा. बघायला फार कोणी नसायचं. एकजण मात्र रोज असायचा, ‘चिंबोरी०७’ नावाने. “दादा, आमच्या खांब गावाला लाईट गेलेली, म्हणून उशीर.” “दादा, तुझं लाईव्ह असतं तवर बरं असतं. नंतर काय करावं कळत नाय.” खाली निकेशचं उत्तर, दर वेळी तेच: “उद्या सातला ये. तोवर काय करायचं नाय. शप्पथ.”

निकेश गेल्यानंतरही चिंबोरी येतच होती. “दादा, आज नाय?” “दादा, आजपण नाय?” शेवटचा मेसेज चार दिवसांपूर्वीचा होता. “शप्पथ सुटली का दादा?”

ऋजुताने लगेच उत्तर लिहिलं. मग आणखी एक. ती दुपारभर वाट बघत बसली. काही आलं नाही.

“अगं, कोण कुठलं ते. खरं नावही माहीत नाही आपल्याला,” तिचा नवरा अंबरीश दारातून म्हणाला.

“निकेशचं तरी आपल्याला काय माहीत होतं?”

तो सावनीला घेऊन बाहेरच्या खोलीत गेला.

तेराव्याच्या आधी खोली आवरायची म्हणून कोणीतरी सगळ्या वायरी उपटून पिशवीत कोंबल्या होत्या. धूळ पुसून टीव्हीवर निकेशचा फोटो ठेवला होता. तो तिने खाली उतरवला. पिशवीच्या तळाशी कॅप्चर कार्ड सापडलं. काड्यापेटीएवढी काळी डबी. गेम टीव्हीवर चालतो, तो या डबीतून लॅपटॉपमध्ये येतो आणि तिथून जगाला दिसतो, एवढं तिला ठाऊक होतं. नुसता आपला चेहरा दाखवून भागणार नव्हतं. निकेशचा गेम दिसला तरच चिंबोरी थांबेल, असं तिला वाटत होतं.

तिने वायरी जोडल्या. टीव्ही काळा. गेमची वायर चुकून बाहेर जायच्या भोकात घातली होती. तिने अदलाबदल केली. टीव्हीवर गेम आला, लॅपटॉप मात्र काळाच. सात वाजायला दहा मिनिटं. तिने लॅपटॉप बंद करून चालू केला. काळा. सात वाजायला चार. ती एकेका भोकाला हात लावून बघू लागली. दुसऱ्या बाजूला एक निळं पोर्ट होतं. तिने त्यात वायर खुपसली आणि लॅपटॉपवर एकदम हिरवं जंगल उजाडलं.

सात वाजता तिने लाईव्हचं बटण दाबलं. गेम सुरू, कोपऱ्यात चौकोनात तिचा चेहरा. खाली आकडा. प्रेक्षक शून्य.

तिला खेळता येत नव्हतं. पडद्यावरचा माणूस एका झाडाला धडका देत राहिला. पाच मिनिटं. दहा. शून्य.

सात बाराला आकडा बदलला. प्रेक्षक एक.

गेमचा रिमोट बाजूला ठेवून ती लॅपटॉपकडे सरकली. “आलास? की आलीस? थांब, जाऊ नकोस. मी निकेशची ताई. तो आता येणार नाही. पण मी येईन. मला हे काहीच येत नाही, बघतोयस ना, झाडालाच आपटतेय. तूच शिकव मला. लिहायचं नसेल तर नको लिहू, नुसतं थांब.” आकडा हलला नाही. एकच. मग ती बोलतच राहिली. लहानपणी निकेश जेवताना ताटातल्या मिरच्या तिच्या ताटात कशा टाकायचा, ते सांगितलं. मैनामावशींचा फोन सांगितला, आपण काय म्हणालो तेही सांगितलं. हे तिने अंबरीशलाही सांगितलं नव्हतं. पलीकडचं माणूस ऐकत होतं. वीस मिनिटं ती रडत होती आणि वीस दिवसांत पहिल्यांदा तिला श्वास पुरत होता.

दार उघडलं. सावनी अंबरीशचा मोबाईल दोन्ही हातांत धरून आत आली.

“आई, तू बाबांच्या मोबाईलमध्ये रडतेयस. मी मघापासून बघतेय.”

ऋजुताने मोबाईल घेतला. पडद्यावर हिरवं जंगल, कोपऱ्यात तीच. तिने तो बंद केला. लॅपटॉपवरचा आकडा शून्य झाला.

त्याला आठ दिवस झाले. सगळं सामान तिने रोह्याला आणलंय, रोज सातला लाईव्ह येते. शून्य. तो मुलगा आहे की मुलगी, वय काय, तिला काही माहीत नाही. एवढंच माहीत आहे की खांबला लाईट गेली की त्याच्याही घरची जाते. खांबच्या बाजूला तुमचं कोणी राहत असेल, तर फोन करू नका. आजच जा, आणि घरातल्या पोरांपैकी कोण कोण समोर येतं ते बघा. जे येणार नाही, त्याच्या खोलीचं दार उघडा.