सतरंजीवरचा प्रश्न

हरवलेली म्हैस तलावाच्या अंगाला सापडेल असं सांगून देवाजींनी बिरजूला वाटेला लावलं आणि कुंडल्यांच्या वहीचं पान उलटलं. तेवढ्यात करिष्मा येऊन सतरंजीवर बिरजूच्या जागी बसली.

"देवाजीभाऊ, मले एक प्रश्न हाय."

देवाजींनी चष्म्यावरून पाहिलं. पोटची पोर बापाला भाऊ म्हणत होती.

"काऊन वो बाई, घरी बाप नाई काय तुले?"

"हाय ना. पण इचारलं का चप्पल घालून निघून जाते."

खोटं नव्हतं. पंधरा दिवसांत तिनं चारदा विषय काढला होता आणि चारही वेळा देवाजींना शेतातली मोटार पाहायची होती. त्यातल्या एकदा तर मोटार दुरुस्तीला सिंदेवाहीत पडलेली होती.

सतरंजीची गोष्ट मात्र वेगळी. पंचवीस वर्षांत सतरंजीवर बसलेल्या कुणालाही देवाजींनी प्रश्न न पाहता परत पाठवलं नव्हतं आणि कुंडलीत दिसलेलं कधी पोटात ठेवलं नव्हतं. सरपंचाला त्याच्याच ओसरीवर, त्याचाच चहा पीत, 'या निवडणुकीत तू पडतोस' म्हणून सांगून आलेला हा माणूस. करिष्मा याच घरात वाढली होती. कुठं बसलं की बापाला उठता येत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

आत करिष्माच्या आईचं, आशाबाईंचं, लाटणं थांबलं.

"प्रश्न सांग," देवाजी म्हणाले.

"माह्या मनात जे लगन हाय, त्याले माहा बाप हो म्हणन काय?"

"पोरगा कोण?" माहीत असून त्यांनी विचारलं.

"कुलदीप. भात संशोधन केंद्रात कामाले हाय, घर विहाराच्या मागं. त्याच्या घरचे रविवारी येऊ काय म्हणून राह्यले. त्यायले काय सांगू?"

पोराचं वाईट गावात कुणी सांगत नव्हतं. धास्ती होती ती आपल्याच भाऊबंदांची. लग्नात पंगतीला कोण बसेल आणि कोण पाठ फिरवेल, याचा हिशेब देवाजी रोज अंथरुणावर पडल्या पडल्या करत होते आणि तो रोज चुकत होता.

"पत्रिका आण त्याची. जुळवून पाहू," त्यांनी एक पळवाट धरली.

"त्यायच्या घरी पत्रिका मांडतच नाई. आजानं धम्म घेतला तवापासून नाई. जन्माची येळ नसली का प्रश्नावरून पाहाचं, असं तुमीच सांगता ना लोकायले?"

स्वयंपाकघरात कुणीतरी खोकलं. हसू लपवायला खोकतात तसलं ते खोकणं होतं.

देवाजींनी पेन उघडलं. "एक ते दोनशे एकोणपन्नास. मनात येईल तो अंक सांग. इचार करू नको."

"एकशे त्र्याहत्तर."

त्यांनी मोबाइलवर वेळ पाहिली, पंचांग ओढलं, अंकावरून लग्न काढलं आणि बारा घरं आखली. एरवी झरझर चालणारा हात आज एकेक ग्रह चाचपत मांडत होता. धनू लग्न. बापाच्या घराचा मालक रवी. जेठाचं ऊन बाहेर रणरणत होतं आणि रवी वृषभेत होता, म्हणजे सहाव्या घरात, भांडणाच्या. वरून शनीची दृष्टी. देवाजींनी सगळं गणित पुन्हा केलं. रवी जागचा हलला नाही.

खरं तर सुटका झाली होती. पंधरा दिवस जे तोंडातून निघत नव्हतं ते आता ग्रहांनीच म्हटलं होतं, आणि ग्रहांपुढे कुणाचं काय चालतं? पण सुटल्यासारखं वाटेना. समोर करिष्मा अंगठ्यानं सतरंजीची दशी उकलत बसली होती. दहावीच्या निकालाच्या दिवशीही ती अशीच बसली होती आणि तेव्हा देवाजींना तिच्याहून जास्त घाम फुटला होता. तिचा जीव टांगणीला लागला की यांचा लागायचाच. त्यावर त्यांच्याजवळ कोणताही उपाय नव्हता.

"सांगा ना. काय दिसते?"

"बापाच्या घराचा मालक भांडणाच्या घरात जाऊन बसला. वरून शनी पाहून राह्यला." मग देवाजींनी, सरपंचाला सांगितलं तसंच, स्वच्छ सांगितलं. "बाप नाई म्हणते."

करिष्मानं वाद घातला नाही. सतरंजीवर बसलेलं माणूस वाद घालत नसतं. तिनं डोळे पुसले, सगळे जोडतात तसे हात जोडले आणि उठायला लागली.

"बस."

देवाजींनी वही मिटली. चष्मा काढून वहीवर ठेवला. गुडघ्यावर हात देत ते पाटावरून उठले, पुढे आले आणि सतरंजीवर तिच्या शेजारी मांडी घालून बसले. आतून आशाबाई दारापर्यंत आल्या होत्या, पिठाच्या हातानं.

"जोतिषाले इचारलं, त्यानं त्याचं सांगितलं," देवाजी म्हणाले. "आता बापाले इचार."