डोकं ठिकाणावर

"शिक्षा जजनं दिली, मिस्टर हॅरिस. पोराला वेड लावा, असं त्या शिक्षेत कुठं म्हटलंय?"

जेलच्या डेप्युटी गव्हर्नर हॅरिसने खुर्चीत चुळबुळ केली. समोरची बाई, स्वाती ओव्हाळ, थेट साउथहॅम्प्टनहून आली होती. नवरा संजय नेहमीसारखा कार पार्कमध्येच बसून राहिला. त्या पोराचं तोंड पाहणार नाही, असं त्याने ठणकावून सांगितलं होतं.

पोरगा म्हणजे अवधूत. जन्मठेपेचा कैदी. जेलात मारामारी केली म्हणून त्याला सेग्रिगेशनच्या कोठडीत एकटा टाकला आणि मग जणू सगळे विसरूनच गेले. दाबलेल्या पुठ्ठ्याचं टेबल, न उघडणारी खिडकी, दिवसातून एकदा जाळीखालच्या अंगणात फेरी. डॉक्टरसुद्धा दाराच्या फटीतून "ओके?" एवढंच विचारून पुढे सटकायचा.

त्याच्या आईनं लाजेपायी येणं केव्हाच सोडलं होतं. माय मरो पण मावशी उरो म्हणतात, ते काही खोटं नाही. लहानपणी तो निम्मा वेळ स्वातीच्याच स्वयंपाकघरात असायचा, तिच्या आमटीभातावर ताव मारायचा. मराठी मंडळातल्या बायका हल्ली स्वातीला पाहून रस्ता बदलत. बदलू देत. तिचं त्यांच्यावाचून काही अडलं नव्हतं.

"तो धोकादायक आहे, मिसेस ओव्हाळ."

"ते मला नका सांगू. मी मानसोपचार वॉर्डात नर्स आहे. मागच्या भेटीत म्हणाला, भिंत त्याच्याशी बोलते. माणसांची नावं आठवत नाहीत त्याला. असंच चाललं तर तुमच्या हाती नुसता देह उरेल. मी सॉलिसिटर गाठलाय, एमपीला भेटलेय. आता आपण कोर्टातच बोलू."

हॅरिसने अवधूतची फाईल पुढ्यात ओढली.

"सोमवारी त्याला इतर कैद्यांच्या विंगमध्ये परत हलवतो," तो शेवटी म्हणाला. "पुस्तकं, रेडिओ, सायकॉलॉजिस्ट, सगळं मिळेल." मग त्याला राहवलं नाही. "एवढं तर त्याची आईही करत नाही."

"तिचं दुःख वेगळं आहे," स्वाती म्हणाली आणि उठली.

भेटीच्या खोलीत काचेपलीकडे अवधूत बसला होता. नखं कुरतडून बोटं लालेलाल झाली होती. सोमवारची बातमी ऐकताच तो हमसून रडायला लागला.

"मावशी, तू का एवढा करते माझ्यासाठी?" इंग्लंडात वाढलेल्या पोराचं मराठी मुळातच लंगडं, आता तेही अडखळत होतं.

स्वाती काचेजवळ सरकली.

"कारण वेड लागलं की माणूस सगळं विसरतो, अवधूत. आणि माझ्या पोटच्या प्रणयला तू भोसकून मारलंस, हे तुला म्हातारा होईपर्यंत रोज आठवलंच पाहिजे."