अर्ज वैध

"ताई, हा कागद तुमच्या नावाचा नाय," रोह्याच्या नर्सिंग होममधली रुखसार सिस्टर म्हणाली होती. "उद्या पोर मागायला कुठल्या कागदानं येणार?"

मृणालीनं हसण्यावारी नेलं होतं. "घरचंच आहे हो, सिस्टर. नणंदेकडे ठेवायचंय थोडे दिवस. निवडणूक झाली की घेऊन जाणार."

आज पेणला, उमेदवारी अर्जांच्या छाननीत, तोच कागद अधिकाऱ्यांच्या टेबलावर पडला होता.

हरकत घेतली होती चुलतसासऱ्यांनीच, हिराजीकाकांनी. आजेसासरे वीस वर्षं सरपंच, सासरे आप्पा सभापती, नवरा जिल्हा परिषदेत. आणि तिन्ही पिढ्यांच्या बॅनरवर खाली कोपऱ्यात काकांचा फोटो. यंदा जागा बायकांसाठी राखीव निघाली. सासू हयात नाही, म्हणून घरातून मृणालीचं नाव पुढे आलं. काकांनी पक्ष बदलला आणि स्वतःच्या सुनेचा अर्ज भरला.

"साहेब, हिला तिसरं झालंय. मुलगा," काकांनी मोबाईल पुढे धरला. "कायदा दोनाचा हाय. हा बघा गौरीच्या दिवशीचा फोटो. पोट काय लपतंय?"

"वालाचं बिरडं जास्त झालं असंल!" मागून आप्पांच्या माणसांतला कुणीतरी ओरडला. हशा पिकला. मृणालीलाही हसावं लागलं.

आदर्श, तिचा नवरा, पुढे झाला. टेबलावरच्या जन्मदाखल्यावर त्यानं बोट ठेवलं. "आईचं नाव वाचा, साहेब. शकुंतला. माझी बहीण, रोह्याजवळ वरशाला दिलेली. बारा वर्षांनी पाळणा हललाय तिच्या घरात. काका, तुम्हाला ते पण बघवत नाय?"

अधिकाऱ्यांनी दाखला उलटसुलट पाहिला. मग चष्मा काढून मृणालीकडे बघितलं. "मॅडम, फोटोवरून मी काही ठरवू शकत नाही. शपथपत्र तुमचं आहे. तुम्हीच सांगा, अपत्यं किती?"

शपथपत्र तिनंच भरलं होतं. घरात तिचंच अक्षर चांगलं, बीएस्सी झालेली. अपत्यांच्या रकान्यात दोन्ही मुलींची नावं लिहिताना तिचा हात जरासुद्धा थांबला नव्हता. खोटं थोड्या दिवसांचंच तर होतं.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले होते. बाराच दिवस झाले होते तिला वरशाहून येऊन. अकराला तो दूध प्यायला उठायचा. छाती दाटून आली, ब्लाऊज ओला होतोय हे तिला कळलं. तिनं पदर गळ्यापर्यंत ओढून घेतला.

"दोन," ती म्हणाली. "दोन्ही मुली."

काकांनी वाद घातला नाही. मोबाईल तसाच तिच्यावर रोखलेला होता. त्यांनी तो शांतपणे खिशात टाकला.

"सगळं आलं यात," ते म्हणाले. "गोड आवाज हाय गो सूनबाईचा."

अर्ज वैध ठरला. बाहेर फटाक्यांची माळ लागली. आप्पांनी स्वतः तिला हार घातला. "घाबरलीस नाय, शाब्बास! अगो, ही खुर्ची कुणासाठी राखतोय आपण? उद्या तुझ्या पोरालाच बसायचंय तिच्यावर. चौथी पिढी!"

हार गळ्यात तसाच ठेवून ती जीपच्या मागे गेली आणि वरशाला फोन लावला.

"शकूताई, उठला का तो?"

"कोण?"

"बाळ. मी संध्याकाळी येते. एकदा पाजून लगेच जाईन."

"बाटली घेतो आता तो. मुकाट घेतो." पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "काल बारसं झालं त्याचं."

"मला सांगितलं नाहीत?"

"उमेदवार तू, तुला वेळ कुठला? मामीचा आहेर राहिलाय तेवढा. दे सवडीनं."

"मामी?" मृणालीनं जीपचं दार घट्ट धरलं. "शकूताई, असली थट्टा नको. तो माझा..."

"साहेबांसमोर काय बोललीस मघाशी? काकांनी व्हिडिओ पाठवलाय. ठेवलाय मी जपून." शकूचा आवाज खाली आला. "तुला दोघी हायत. मला तू बारा वर्षं वांझ म्हणून ओटीला बोलावली नव्हतीस. आठवतंय? आता माझ्या मुलाला झोपवायचंय. ठेव फोन."

तिनं पुन्हा लावला. पुन्हा. मग फोन नुसता एकदाच वाजून कट व्हायला लागला.

तिनं आदर्शला बाजूला घेतलं. तो ऐकत होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना हातही जोडत होता. "अगं, ताई चिडलीय. निवडून ये, मग बघू. आत्ता तू वरशाला दिसलीस आणि कुणी फोटो काढला, तर सगळेच आत जाऊ."

"आणि निवडून आल्यावर फोटो काढला तर?"

कुणीतरी आदर्शच्या कपाळाला गुलाल लावत होतं.

तेव्हापासून मृणाली दारोदार हात जोडत फिरतेय. रोह्याच्या रस्त्याला जीप वळत नाही. आप्पांची ताकीद आहे.

तुम्हाला तसं काही नाही. तुम्हाला तिथं कुणी ओळखत नाही. रोह्याला गेलात तर स्टेशनवरून वरशाला रिक्षा मिळते. पिठाच्या गिरणीच्या मागचं निळ्या गेटचं घर. पाणी मागायचं निमित्त करा. उजव्या कानामागे तीळ आहे त्याच्या. पालथा झोपवला असेल तर तेवढं सांगा त्यांना, पालथं झोपलं की त्याचं नाक दबतं. तिची ओळख दाखवू नका. आणि निघायच्या आधी जरा रेंगाळा, कुणी त्याला हाक मारली तर ऐकून या. त्याचं नाव काय ठेवलंय, ते तिला अजून माहीत नाही.